‘असूनही’ : पूर्वग्रह आणि आपले वाचन

मराठीत ज्याला आपण ‘पूर्वग्रह’ म्हणतो त्याला उर्दूत ‘तअस्सुब’ असा शब्द आहे. व्यवहारात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांची घडण वेगवेगळी आहे आणि त्या वेगळेपणातच या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. पूर्वग्रह म्हणजे आधीच धरून ठेवलेले. पुस्तक उघडण्यापूर्वी, माणूस तोंड उघडण्यापूर्वी मनाने जे घट्ट पकडले ते. येथे दोष वेळेचा आहे. निकाल आधी लागतो, पुरावा मागाहून येतो आणि आलेला पुरावा निकालाला जुळेल तेवढाच आत घेतला जातो. ‘तअस्सुब’ ज्या अरबी धातूपासून आला त्याचा अर्थ आवळून बांधणे. ‘असबियत’ हा शब्दही त्याच धातूचा. आपल्या कुळाशी, आपल्या जमावाशी बांधलेले असणे. येथे दोष नात्याचा आहे. माणूस परक्याचा द्वेष करतो म्हणून चुकतो असे हा शब्द म्हणत नाही. आपल्यांशी बांधलेला असतो म्हणून चुकतो, असे म्हणतो.

इब्न खल्दूनने १३७७ साली ‘मुकद्दिमा’ लिहिला. राज्ये उभी राहतात ती असबियतच्या बळावर, असा त्याचा प्रसिद्ध सिद्धांत आहे. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी, इतिहासात खोट्या बातम्या का शिरतात याची कारणे सांगताना, त्याने आपल्या मताची व पंथाची बाजू घेणे हे कारण पहिल्या क्रमांकावर ठेवले आहे. जी गोष्ट राज्य उभारते तीच गोष्ट इतिहासकाराला आंधळी करते, हे त्याने साडेसहाशे वर्षांपूर्वी पाहिले. आपल्याकडे पूर्वग्रहाची चर्चा निघाली की आपण लगेच पहिल्या अर्थाकडे जातो. ते आमच्याविषयी काय धरून बसले आहेत, याची यादी आपल्या तोंडपाठ असते. दुसऱ्या अर्थाकडे आपण फारसे जात नाही. प्रस्तुत लेखात दोन्ही अर्थांनी आपले वाङ्मयीन वाचन तपासायचे आहे.

प्रथम एक गोष्ट शाळेतली. पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असते की उत्तरपत्रिकेवरचे नाव हातातल्या लाल पेनाशी बोलत असते. दहावी-बारावीच्या मंडळाने बारकोड आणि होलोक्राफ्ट आणले ते उगीच नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोन अर्थतज्ज्ञांनी भारतात केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती काढल्या आणि त्यांवर नाव, जात, वय, मुलगा की मुलगी ही माहिती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कशीही वाटून लावली. म्हणजे तेच उत्तर एका शिक्षकाकडे वरच्या जातीच्या मुलाचे म्हणून गेले, दुसऱ्याकडे खालच्या मानलेल्या जातीचे म्हणून. खालच्या मानलेल्या जातीला गुण कमी पडले. फरक लहान होता, पण होता. इथपर्यंत कुणालाही आश्चर्य वाटणार नाही. आश्चर्य पुढे आहे. हे गुण कापणारे प्रामुख्याने त्याच, खालच्या मानलेल्या जातींतले शिक्षक निघाले. वरच्या जातींतल्या शिक्षकांच्या गुणांत तसा भेद दिसला नाही. आणि गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांना हा फटका अधिक बसला. म्हणजे पेपर कसे आहेत याचा अंदाज येण्यापूर्वी परीक्षक नावावर विसंबला.

आपलाच माणूस आपल्या मुलाला कमी गुण का देतो, याचे उत्तर त्या अभ्यासाच्या आकड्यांत पूर्णपणे मिळत नाही. मला वाटते, जगाने आपल्याविषयी जे धरले आहे ते आपणही हळूहळू धरू लागतो. पूर्वग्रहाला धर्म-जातीचा दाखला लागत नाही.

नोकरीच्या अर्जांचा सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास पुष्कळांना माहीत आहे. पात्रता सारखी, नावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश. त्यावर बरेच लिहून झाले आहे, म्हणून येथे थांबत नाही. साहित्यात बोलावणे येण्या-न येण्याचा प्रश्न एवढा सरळ नसतो. तेथे पूर्वग्रह स्तुतीच्या रूपाने येतो.

मुसलमान लेखकाच्या सत्कारात, पुस्तकाच्या प्रस्तावनेत, परीक्षणात एक शब्द हमखास भेटतो: ‘असूनही’. मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी. मुस्लिम कुटुंबातून आलेल्या असूनही त्यांनी ओवी हाताळली. बोलणाऱ्याच्या मनात कपट नसते. बहुतेक वेळा खरे प्रेम असते. म्हणूनच या शब्दाचे व्याकरण पाहिले पाहिजे. ‘मुसलमान असून मराठीत लिहितो’ या वाक्यात नुसती माहिती आहे. त्याला ‘ही’ लागला की माहितीचे आश्चर्य होते. आणि आश्चर्य कशाचे वाटते? जे अपेक्षित नव्हते त्याचे. म्हणजे त्या एका अक्षरात पूर्वीचा निकाल साठवलेला आहे: मराठी ही यांची नव्हे.

शब्द उलटा करून पाहावा म्हणजे खात्री पटते. अमरावतीच्या सुरेश भटांनी गझल मराठीत रुजवली. त्यांच्या आधी माधव ज्यूलियनांनी, जे फारसीचे प्राध्यापक होते, ‘गज्जलांजली’ लिहिली आणि फार्शी-मराठी कोशही केला. सेतुमाधवराव पगडींनी उर्दू-फारसीचा केवढा व्यासंग केला. यांपैकी कुणाविषयी ‘हिंदू असूनही’ असे कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि लिहिले तर ते कानाला खटकेल. खटकलेच पाहिजे. फक्त तोच कान ‘मुसलमान असूनही’ला खटकत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला. आपण अविंध आहोत हे ते लपवत नाहीत आणि अंतरीच्या ईश्वराला ते ज्या वैष्णव नावाने हाक मारतात तेही लपवत नाहीत. दोन्ही गोष्टी ते शेजारी शेजारी ठेवतात. मध्ये ‘तरी’, ‘परंतु’, ‘असूनही’ असा अडसर घालत नाहीत. हा अडसर नंतरच्या वाचकांनी घातला. एका बाजूच्या वाचकाला ते ‘मुसलमान असूनही संत’ वाटले, दुसऱ्या बाजूच्या वाचकाला ‘संत झाल्यामुळे मुसलमान न उरलेले’. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ठेवला म्हणून ही परंपरा निदान एकत्र वाचायला मिळते. पण आमच्या घरांतून तो ग्रंथ किती वाचला जातो?

१९९० या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पठाण सरांसारखा विद्वान थेट मुख्य व्यासपीठावर असताना वेगळी चूल कशाला, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. माझ्या मते सोलापूरच्या मंडळींनी ‘मुस्लिम’ हे विशेषण स्वतः लावून घेतले यातच त्याचे उत्तर आहे. त्यांनी ‘असूनही’मधला ‘ही’ काढून टाकला. मुसलमान असून मराठी, बस्स. आश्चर्य करण्याचे काम ज्याचे त्याने करावे.

मात्र हा ‘ही’ आपल्या बाजूलाही आहे, आणि तो अधिक बोचतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत असूनही मराठीत लिहिता, असे मला आपल्याच लोकांकडून ऐकावे लागते. त्यात थोडे कौतुक, थोडी शंका. वाशीम-कारंज्याकडे घरी बोलली जाणारी आमची भाषा वऱ्हाडी आणि दखनी यांची अशी मिसळण आहे की कुठला शब्द कुणाचा हे आजी-नानीलाही सांगता यायचे नाही. तरी लिहिताना मात्र मराठी म्हणजे थोडे तिकडे जाणे, असा समज आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसा’त काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्येचे लग्न लावले ते वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आजच्या वाशिमात. दहाव्या शतकातला हा संस्कृत पंडित ज्या गावाला साहित्याचे लग्नघर मानतो त्या गावात राहून आपण कुठल्या भाषेचे वऱ्हाडी म्हणून जायचे यावर भांडतो, ही गंमतच आहे.

हमीद दलवाईंचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१चा, ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ची. विधानभवनावर सात स्त्रियांचा मोर्चा १९६६चा, मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७०चे. म्हणजे लेखक आधीचा आणि चळवळ नंतरची. परंतु आपल्याकडे ‘इंधन’विषयी मत देणारा बहुधा १९६६ आणि १९७०विषयीच मत देत असतो. दलवाईंच्या भूमिका ज्यांना पटल्या नाहीत त्यांनी कादंबरी उघडली नाही. ज्यांना पटल्या त्यांतल्या पुष्कळांनीही ती उघडण्याची गरज मानली नाही, कारण ती थोर असल्याचे त्यांना आधीच ठाऊक होते. कोकणातल्या एका गावाचे ते चित्रण कसे उतरले आहे, निवेदक कुठे तटस्थ राहतो, कुठे राहू शकत नाही, कथेतला दलवाई कादंबरीत कुठे कमी पडतो, याची चर्चा आपल्या अंकांतून किती झाली? दलवाईंच्या राजकीय निष्कर्षांशी माझे स्वतःचे पुष्कळ मतभेद आहेत. पण मतभेद हा कादंबरीचे परीक्षण टाळण्याचा परवाना होऊ शकत नाही.

आता आमच्या शेजारचे एक प्रकरण. वाशीम जिल्हा १९९८ साली होईपर्यंत आपण अकोला जिल्ह्यातच होतो. त्या अकोला जिल्ह्यातले पातूर. तेथील नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर पाटी लागली. वर मराठी, खाली उर्दू. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली की कामकाज मराठीत चालते, तेव्हा पाटीवर उर्दू नको. नगर परिषदेने २०२० साली ठराव करून हरकत फेटाळली. १९५६ पासून उर्दू वापरात आहे आणि गावात ती वाचणारे पुष्कळ लोक आहेत, असे सांगितले. प्रकरण जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय असे फिरत सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने पाटी कायम ठेवली.

त्या निकालपत्राकडे मी वाङ्मयाचा वाचक म्हणून पाहतो. कायद्यात मराठीबरोबर उर्दूला मनाई नाही, एवढे सांगून ते संपवता आले असते. न्यायमूर्ती तेथे थांबले नाहीत. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली, असे सांगून त्यांनी भाषेविषयीचे आपले गैरसमज, कदाचित आपले पूर्वग्रहसुद्धा, वस्तुस्थितीशी धैर्याने ताडून पाहावेत असे आवाहन केले. न्यायालयांच्या कामकाजातले उर्दू शब्दही दाखवले. मराठीपुरते आपणही दाखवू शकतो. पाटीविरुद्ध जो ‘अर्ज’ ‘दाखल’ झाला, जी ‘हरकत’ घेतली गेली, जी ‘तक्रार’ ‘नामंजूर’ झाली, त्यांतले सगळे अवतरणातले शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथलेच झाले. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून असल्या शब्दांना संस्कृत पर्याय सुचवण्यात आले होते. तरीही तहसील कचेरीत आज ‘अर्ज’च लिहिला जातो.

निकालाचा आनंद आम्ही पेढे वाटून साजरा केला असता तर कुणी नावे ठेवली नसती. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आपल्या समाजमाध्यमांवर ‘आपल्या भाषेचा विजय’ असे संदेश फिरले, तेव्हा ‘भाषा म्हणजे धर्म नव्हे’ हे निकालपत्राचे मुख्य म्हणणे त्यांत बुडाले. प्रेमचंद, फिराक, कृश्नचंदर, राजेंद्रसिंह बेदी यांची भाषा ‘आपली’ म्हणताना त्यांना बाहेर ठेवले तर हरकतदाराचे म्हणणेच आपण मान्य केले असे होते.

पातूरच्या पाटीपाशी १९५६ पासूनचा वापर साक्षीला होता. फातिमापाशी एकच वाक्य आहे.

९ जानेवारी २०२५ रोजी दिलीप मंडल या लेखक-पत्रकाराने, जे तेव्हा केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचे सल्लागार होते, असे जाहीर केले की फातिमा शेख ही व्यक्ती कधी नव्हतीच, आपणच तिला कल्पनेतून उभे केले. सावित्रीबाईंची सहकारी शिक्षिका म्हणून जिच्यावर गूगलने २०२२ साली त्याच तारखेला चित्र काढले होते, तिच्याबद्दल हे विधान. त्या दिवशीची गंमत अशी की दोन्ही बाजूंना पुस्तक उघडायचे कारण पडले नाही. एका बाजूला लगेच पटले, कारण पुण्यातल्या पहिल्या मुलींच्या शाळांत मुसलमान बाई असणे तिला मुळातच अशक्य वाटत होते. दुसऱ्या बाजूला लगेच संताप आला आणि संतापाच्या भरात जन्मतारखा, पदव्या, शाळांची संख्या, सगळे पुराव्यासारखे पुढे केले गेले.

पुस्तक होते. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय १९८८ साली शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले १० ऑक्टोबर १८५६चे, माहेराहून लिहिलेले. त्यात फातिमाचे नाव आहे. त्यामुळे एकविसाव्या शतकात कुणी तिला निर्माण केले हा दावा टिकत नाही. माळींच्या संपादनाची, पत्रांच्या मूळ प्रतींची शहानिशा कुणाला करायची असेल तर ती रास्त आहे, जरूर करावी. पण ‘मी निर्माण केली’ हे म्हणणे मात्र त्या पुस्तकाच्या प्रकाशनवर्षापाशीच संपते.

आता पत्र सावकाश वाचू. सावित्रीबाई नायगावला आजारी होत्या. भावाने सेवा केली, आता उतार आहे, बरे वाटताच पुण्यास येईन, काळजी नसावी, असे त्या पतीला कळवतात. आणि लगेच पुढे म्हणतात की फातिमाला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. बस्स, एवढेच. मग पत्र दुसरीकडे वळते.

या वाक्यात काय आहे? एक, फातिमाची ओळख करून दिलेली नाही. आडनाव नाही, नाते नाही, धर्म नाही. पत्र ज्याला लिहिले त्याच्या रोजच्या माहितीतले ते नाव आहे. दोन, एकीच्या गैरहजेरीचा भार दुसरीवर पडतो, म्हणजे काम दोघींमध्ये वाटलेले आहे. तीन, ती कुरकुर करणार नाही हे लिहिणारी खात्रीने सांगते. अशी खात्री दोन दिवसांच्या ओळखीत येत नाही. चार, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आजारी बाई पतीला ‘माझी काळजी नको’ म्हणते आणि पुढच्याच श्वासात तिला काळजी वाटते ती फातिमाची.

आणि वाक्यात काय नाही? ते काम शाळेचे की घराचे की दोन्हींचे, हे नाही. ती किती शिकली, कुठे शिकली, हे नाही. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख नाही. त्या तारखेला त्या काळातला आधार कुणी दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तिने १८५१ साली मुंबईत दोन शाळा काढण्यात भाग घेतला असे छापले जाते; मी वाचलेल्या लेखांत त्याचाही आधार दिलेला नव्हता. उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला घर दिले ही परंपरा जुनी आणि संभाव्य आहे, पण ती या पत्रातली नव्हे. जुने छायाचित्र पुढे केले जाते. छायाचित्र स्वतः होऊन आपले नाव सांगत नाही.

येथे आपली असबियत उघडी पडते. फातिमा आपली, म्हणून तिच्याविषयी जे जे चांगले सांगितले जाईल ते आपण तपासल्याविना घेतले, शाळेच्या भाषणांत घातले, फलकांवर रंगवले. त्यामुळे झाले असे की एका माणसाने ‘हे सारे बनावट’ म्हटले तेव्हा बनावट दागिन्यांच्या ढिगाखालचे खरे वाक्यही संशयित झाले. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत न्यायासाठी उभे राहून साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. फातिमाच्या बाबतीत खरी साक्ष तिच्या विरुद्ध जातच नाही. फक्त लहान आहे. ती लहानशी साक्ष आपल्याला पुरली नाही.

जोतीरावांच्या चरित्रात मुसलमान नाव एवढे एकच नाही. त्यांचे शिक्षण बंद पडले तेव्हा मुलाला पुन्हा शाळेत घाला असे गोविंदरावांना समजावणाऱ्या दोघांत गफ्फार बेग मुन्शी होते, उर्दू-फारसीचे शिक्षक. त्यांच्यावर कुणी चित्र काढले नाही, म्हणून ते बनावट आहेत असे म्हणायलाही कुणी आले नाही. उर्दूच्या आम्हा शिक्षकांनाही त्यांचे नाव क्वचितच माहीत असते. आपल्या असबियतचीही काही आवडनिवड असते म्हणायची.

आणि त्या पत्राचा उरलेला भाग? फातिमाच्या एका वाक्यावर भांडणाऱ्यांनी तो बहुधा वाचलाच नाही. तो भाग पूर्वग्रहावरच आहे. भाऊ बहिणीला दोष देतो की तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी कामे करता, हे पतितपणाचे आहे, कुळाला बट्टा लावणारे आहे. जातिरूढीला धरून भट सांगेल तसे वागावे. सावित्रीबाई त्याला विचारतात की तू गाय-शेळीला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नाग धरून त्याला दूध पाजतोस. महार-मांग तर तुझ्यासारखीच माणसे, त्यांना अस्पृश्य समजण्याचे कारण काय ते सांग. हा युक्तिवाद किती घरगुती आहे पाहा. कुठल्या ग्रंथाचा आधार नाही. भावाच्या रोजच्या वागण्यातलेच दोन तुकडे उचलून त्या एकमेकांशेजारी ठेवतात. भाऊ वरमतो. पण वरमल्यावर तो आपले मत सोडत नाही. लगेच दुसरा प्रश्न काढतो की मग तुम्ही त्यांना शिकवता तरी कशाला? पूर्वग्रहाचे हे निरीक्षण मानसशास्त्राच्या पुस्तकात शोभावे असे आहे. कारण गेले तरी निकाल जात नाही. तो नवे कारण शोधायला निघतो. बी.एड.च्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला हे पत्र कुणी वाचून दाखवले असते तर बरे झाले असते.

हा भाऊ दुष्ट नाही, हेही पत्रात आहे. आजारी बहिणीची सेवा त्यानेच केली. तो तिच्याशी बांधलेला आहे आणि तिला बांधून ठेवू पाहतो आहे. ‘तअस्सुब’चा मूळ अर्थ याहून स्पष्ट करता येणार नाही. ज्या पत्रात स्वतःचा भाऊ आपल्यांना सोडून का वागतेस असे विचारतो, त्याच पत्रात पुण्याला काम ओढणारी फातिमा एका ओळीत येऊन जाते. आणि लिहिणारीला ती परकी असल्याचे भान नाही, ती परकी ‘असूनही’ जवळची आहे असेही भान नाही. विशेषणे सगळी आपण लावली. काहींनी ‘काल्पनिक’ हे लावले, काहींनी ‘पहिली मुस्लिम शिक्षिका’ हे लावले. दुसरे खरेही असेल, आणि ते खरे ठरले तर मला आनंदच होईल. पण ते ठरवण्याचे साधन भाषण नव्हे, कागद आहे. पुण्यातल्या त्या काळच्या शाळांविषयीचे सरकारी अहवाल, मिशनची पत्रे, मोडीतले दप्तर यांत कुणी नेटाने शोधले पाहिजे. त्यासाठी इंग्रजी, उर्दू आणि मोडी तिन्ही वाचणारा माणूस हवा. पहिल्या दोन भाषा वाचणारे आपल्यात आता कमी नाहीत. मोडीसाठी राज्याचे पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षणाचे वर्ग भरवते. फातिमावर दर जानेवारीत लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्या वर्गाला बसले असेल, तर त्याच्या लेखाची या अंकाने वाट पाहावी.